दारू आणि डबलरोटी यांविषयी खुलासा

अमरावती, वैशाख वद्य तृतीया, शके १८५०

तीर्थस्वरूप बापूसाहेब यांच्या चरणी मोरोपंताचा साष्टांग नमस्कार (हात पिठाने भरलेले आहेत, म्हणून दुरूनच). इकडे मी, आपली भगिनी सौ. चारुशीला आणि गाय असे तिघे सुखरूप आहोत. आपला गुडघा निदान या उन्हाळ्यात तरी मोकळा झाला असेल आणि सौ. रमावहिनींचा दमा थंडीबरोबरच गेला असेल, अशी आशा करतो. अकोल्याचे ऊन अमरावतीपेक्षा कडक, असे आपण दरवर्षी लिहिता आणि मी दरवर्षी मनातल्या मनात वाद घालतो. यंदा घालत नाही. यंदा माझ्या अंगणातच भट्टी आहे.

आपले पत्र परवा पोचले. वाचून मी ओसरीवर जो बसलो तो गाय हंबरेपर्यंत उठलो नाही. पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला तुमचा स्वतःचा: मोरोपंत, तुम्ही शिंदी पिऊ लागला आहात असे बहिणीने कळवले आहे, ते खरे काय, आणि खरे असल्यास मी येऊन तिला कायमची अकोल्यास घेऊन जातो. दुसरा पत्राच्या कडेला उभा लिहिलेला, वहिनींच्या सांगण्यावरून: तुमच्याकडे डबलरोटी घरीच भाजतात असे कळते, तर खर्चाच्या आणि कष्टाच्या मानाने ते परवडते काय? बापूसाहेब, तुम्ही पंचवीस वर्षे वकिली केलेली, तरी हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे तुम्हाला वाटले. ते एकच आहेत. उत्तरही एकच आहे, पण लांब आहे. वहिनींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाला आपोआप येऊन पोचू.

चारुशीलेला मुदतीचा ताप आला तेव्हा तुम्ही येऊन चार दिवस राहून गेलात, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. एकविसाव्या दिवशी ताप उतरला. मी देवापुढे नारळ फोडला. पण तापाबरोबर तिची भूकही गेली. पेज दिली, उलटली. मुगाचे पाणी दिले, उलटले. हातातल्या बांगड्या (ज्या लग्नात साबण लावून चढवल्या होत्या) कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. ती काही बोलत नव्हती, आणि तिने न बोलणे हे माझ्या संसारात इतके नवीन होते की मी रोज संध्या करताना मंत्र चुकू लागलो. डॉक्टर आले, नाडी पाहिली, आणि म्हणाले, हिला भाकरी पचू लागेपर्यंत डबलरोटी द्या, शिळी, जराशी भाजून दुधात कुस्करून. मी पुन्हा विचारले. मला वाटले त्यांनी एखाद्या औषधाचे नाव घेतले असावे. त्यांनी पुन्हा डबलरोटीच म्हटले आणि टोपी घालून निघून गेले.

आता माझी स्थिती ध्यानात घ्या. मी भिक्षुक. बुधवारा पेठेतली तीस घरे माझ्या पौरोहित्यावर, आणि दिवस मुंजी-लग्नांचे. डबलरोटी मिळते ती कॅम्पातल्या गुलाबखाँच्या भट्टीत. माझ्या घरात तिचा तुकडा गेला असे नुसते कुणी म्हटले, तरी माझा पंचांग मांडायचा पाट कायमचा माळ्यावर जाणार. तरीही, बापूसाहेब, मी तुम्हाला खरे सांगतो, मी ती आणायला निघालो होतो. पायात वहाणाही घातल्या होत्या. अडवले ते तुमच्या बहिणीने. तिने संसाराच्या बत्तीस वर्षांत बाहेरचा घास तोंडात घातलेला नाही, आणि शेवटचे दिवस आले असतील तर आता तर मुळीच घालणार नाही, असे तिने मला हळूच पण स्वच्छ सांगितले. मी विचारले, घरी केली तर? ती म्हणाली, घरी केली तर खाईन. (हे घडणे अशक्य आहे अशी तिची खात्री होती. माझीही होती.)

मग मी गुलाबखाँकडे गेलो. तो त्याच्या दारात आणि मी रस्त्याच्या पलीकडे, असे आमचे बोलणे झाले. कुणा दुसऱ्याच्याच घरची चौकशी करत असल्यासारखे मी विचारले. माणूस मोठा सज्जन. मैदा किती, मीठ किती, कणीक किती वेळ मळायची, भट्टी तापली हे कसे ओळखायचे, सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, खमीर पाहिजे, त्याशिवाय रोटी फुगत नाही, थांबा, माझ्याकडचे वाटीभर देतो. ते भिजवलेले पीठ, म्हणजे मला घेता येईना. तसे मी म्हणालो, तेव्हा तो रागावला नाही. जरा विचार करून त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "पंडितजी, तो फिर शिंदी डालिये. ताज़ी. बस."

मी नमस्कारही न करता घरी आलो.

पहिली डबलरोटी मी शिंदीशिवाय केली, हे तुमच्या माहितीसाठी. खमिराऐवजी आंबट दही घातले. भट्टी अंगणात मीच रचली, विटा आणि परसातली काळी माती. (स्वयंपाकघरात मी आजवर फक्त जेवायला गेलेलो. कणीक मळणे हा इतका बळाचा उद्योग आहे हे पन्नाशीत कळले, आणि तुमच्या बहिणीकडे मी इतकी वर्षे दोन्ही वेळा गरम पोळी कशी मागत आलो याची लाज वाटली.) भट्टी पेटवली, वरून चैत्राचे ऊन, आत पळसाची लाकडे, आणि अर्ध्या तासात मोठा आवाज होऊन भट्टी मधोमध उभी तडकली. आतून जे निघाले ते मी अंगणाच्या कोपऱ्यात ठेवले. बापूसाहेब, मी उभ्या आयुष्यात शेकडो पिंडांना कावळा शिवताना पाहिला आहे. त्या डबलरोटीला तीन दिवस शिवला नाही.

त्याच सुमारास पंजाबराव आले. हे नांदगाव खंडेश्वराचे, मोठे कास्तकार, तीन पिढ्यांचे आमचे यजमान. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला आले होते. तडकलेली भट्टी पाहून त्यांना ते यज्ञकुंड वाटले. त्यांनी आधी हात जोडले आणि मग म्हणाले, "महाराज, कायी माती तडकते. इले पांढरी माती लागते." दुसऱ्याच दिवशी गावच्या पांढरीच्या मातीची एक गाडी माझ्या दारात उभी. कुंडाला म्हणून दिलेली माती मी पावाच्या भट्टीला लावली. याची टोचणी मला आजही आहे.

भट्टी झाली, पण फुगायचे काय? दह्याने फुगली नाही, सोड्याने फुगली पण साबणासारखी लागली, ताकाने तर आत पाणीच राहिले. इकडे चारुशीला दिवसाला चार चमचे दुधावर. नव्या भट्टीच्या पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, आता पुरे करा, तुमचे हात भाजलेत. त्या दिवशी मी शास्त्रार्थ केला. शिंदी ही झाडातून निघते. झाडाला विटाळ नाही. ती भांड्यात आली की भांड्याचा विटाळ. पण भांडे माझे असले तर? आणि भट्टीत तर सगळे अग्नीलाच अर्पण होते. असा निर्णय मी स्वतःच मागितला, स्वतःच दिला, आणि पुढच्या दुपारी, सगळा बुधवारा झोपलेला असताना, पितळी तांब्या पंच्याखाली घेऊन शिंदीच्या दुकानाशी जाऊन उभा राहिलो.

माझ्यापुढे एकच गृहस्थ उभे होते. ते वळले. पंजाबराव.

यांनी मागच्या दत्तजयंतीला माझ्यासमोर, माझ्या सांगण्यावरून, गंगाजळ हातात घेऊन शिंदी सोडली होती. त्यांनी हातातले मडके धोतराच्या सोग्याआड घेतले. मग ते म्हणाले, "महाराज, बैलाच्या पायाले लावाले नेऊन राहिलो." मी म्हणालो, "मीही." माझ्याकडे बैल नाही हे त्यांना माहीत आहे. त्यांच्या बैलाचे पाय धडधाकट आहेत हे मला माहीत आहे. त्याच बैलांनी माती आणली होती. ते मान खाली घालून एका बाजूने गेले, मी दुसऱ्या.

सहावी डबलरोटी फुगली. बापूसाहेब, यावर मला जास्त लिहिता येत नाही. ओल्या फडक्याखाली ठेवलेला तो गोळा तासाभराने उचलून पाहिला तर दुप्पट झालेला, आणि बोटाने दाबला तर बोटाबरोबर आत जाऊन परत वर येणारा. भाजून काढल्यावर गुलाबखाँने सांगितल्याप्रमाणे तळाला टिचकी मारली, तर पक्क्या मडक्यासारखा आवाज आला. मी दचकून इकडेतिकडे पाहिले. मला वाटले दुसऱ्याच कुणाची बदलून आली. एक रात्र ठेवून, सकाळी पातळ तुकडा भाजून दुधात कुस्करून तिला दिला. तिने अर्धा खाल्ला. मी खाटेपाशी वेळ मोजत बसलो. उलटला नाही. दुपारी तिने उरलेला अर्धा मागितला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, दुधात साखर जास्त झाली, आणि पातेले नीट घासलेले नाही. तेव्हा मी परसात जाऊन रडलो.

यात काय घातले आहे ते मी तिला सांगितले नाही. सांगितले असते तर तिने तो घास थुंकून टाकला असता आणि पुन्हा दुसरा घेतला नसता, हे तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात, तुम्हाला पटेल. दिवसाआड दुपारी मी पंचा घेऊन बाहेर पडे आणि दिवसाआड सकाळी पाव भाजत असे. असे बारा दिवस गेले. बांगड्या कोपरावरून खाली मनगटाकडे आल्या. पण समोर माणिकबाई राहतात. त्यांना दिसते कमी, पण वास गल्लीच्या टोकाचा येतो. त्यांनी चारुशीलेच्या खाटेशी बसून तिला सांगितले की मोरोपंतांच्या तांब्याला शिंदीचा वास येतो, आणि दुपारी ते कुठे जातात हे तिने एकदा विचारावे. हे त्यांनी आणखीही दोन घरी सांगितले असावे, कारण अक्षय तृतीयेला त्या दोन्ही घरांचे मला निरोप आले की त्यांच्या मुंजींना दुसरे गुरुजी ठरले आहेत.

चारुशीलेने विश्वास ठेवला नाही. मला काही विचारलेही नाही. ठेवला असता तरी काही फरक पडला नसता, असे पुढे मला वाटले, कारण दुसऱ्याच दिवशी पंजाबराव आले. हातात मातीचे मडके, तोंडाला केळीचे पान बांधलेले. ओसरीवर मी, आत दाराशी खाटेवर ती, मधले दार उघडे. मडके माझ्यापुढे ठेवून ते मोठ्या मायेने म्हणाले, "घ्या महाराज. सकायचीच आहे, आपल्या वावरातल्या झाडाची. तुमी त्या दुकानात नोका जात जाऊ, बरं नाई दिसत. मी आनून देत जाईन." आणि नमस्कार करून गेले. माणसाच्या मनात माझ्या अब्रूखेरीज दुसरे काही नव्हते.

आतून तिने विचारले, "तुम्ही पिता?"

बापूसाहेब, एवढ्या अवधीत माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. नाही म्हणावे, तर मग मडके कशाला, हा पुढचा प्रश्न; आणि त्याचे उत्तर दिले की तिचे खाणे बंद. मी आजवर कुठल्याही सभेत इतका जलद निर्णय दिलेला नाही. मी म्हणालो, "हो."

तिच्या चेहऱ्याचे वर्णन करत नाही. त्याच संध्याकाळी तिने उशीला टेकून तुम्हाला ते पत्र लिहिले आणि माणिकबाईंकडून पेटीत टाकवले. (त्यात डबलरोटीचाही उल्लेख केला, यावरून तिचा न्यायीपणा पाहा: नवरा पितो, पण पाव बरा भाजतो.) मग तिने मला हाक मारली आणि म्हणाली, देवावर हात ठेवून सांगा की उद्यापासून त्या वाटेला जाणार नाही. मला सांगता येईना. सकाळी भाजायची पाळी होती. बायको मरता मरता वाचली असतानाही तिच्याखातर या माणसाला दोन घोट सोडवत नाहीत, असे तिला दिसले. तिने समोरची वाटी बाजूला सारली. म्हणाली, तुम्ही सोडा, मग मी खाईन.

ज्या खाण्यासाठी खोटे बोललो ते खाणेच बंद. दीड दिवस मी भट्टी, देवघर आणि खाट यांच्यामध्ये फिरत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि भिंतीला धरून खाली बसली. तिला उचलून खाटेवर ठेवले आणि मग सगळे सांगून टाकले: गुलाबखाँ, दही, पंचा, बैलाचा पाय, सगळे. डोळे मिटून तिने ऐकून घेतले. मग विचारले, "किती घालता?"

"वाटीभर."

"रोज?"

"दिवसाआड."

तिने बोटांवर काही मोजले, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "म्हणजे पीत होते ती मी."

तिचे खांदे हलू लागले. मी घाबरलो, पंचगव्याची तयारी करतो म्हणालो, प्रायश्चित्ताचे तीन प्रकार सांगितले, चौथा आठवत होतो. तेव्हा ती वळली, आणि ती हसत होती. पोट धरून, दम लागेपर्यंत. तुम्हाला धाडलेले पत्र आठवून ती एकदम थांबली, दादाला काय लिहून बसले मी, म्हणाली, आणि पुन्हा हसू लागली. मग तिने जो निर्णय दिला तो माझ्या कोणत्याही ग्रंथात नाही: प्रायश्चित्त औषध संपल्यावर घ्यायचे असते, मध्येच घेतले तर पुन्हा घ्यावे लागते, आणि भाकरी पचेपर्यंत औषध चालू, असे डॉक्टर म्हणालेत, तेव्हा ती वाटी इकडे आणा. माणिकबाईंनाही तिनेच बोलावून सांगितले की शिंदी पावात असते आणि पाव मी खाते. माणिकबाई, तो पाव दात नसलेल्या माणसाला चालतो का, असे विचारून गेल्या. पंजाबरावांना मी स्वतः सांगितले. त्यांना आनंद होईल असे वाटले होते. ते म्हणाले, "असं काय. मले वाटलं, आपले महाराजबी आपल्यासारखेच आहेत. लय बरं वाटलं होतं." त्यांच्या मुलीचे लग्न मीच लावायचे ठरले आहे.

तर सौ. वहिनींना सांगावे की घरी डबलरोटी भाजणे मुळीच परवडत नाही. बाजारात जी एका आण्याला मिळते तिच्यासाठी मैदा, पळसाची लाकडे आणि गाडीभर माती लागते, अर्धा दिवस जातो, दोन्ही हात भाजतात, आणि या हंगामातल्या दोन मुंजी गेल्या त्या वेगळ्याच. त्या घरांनी अजून मला बोलावलेले नाही. बोलावतील असे चारुशीला म्हणते, मला तसे वाटत नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस नाही त्याने या फंदात पडू नये. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: मी पीत नाही. (शिंदी फार आंबली तर पाव कडू होतो, म्हणून घालण्यापूर्वी चव पाहावी लागते. तेवढे सोडून.) बहिणीला न्यायला येऊ नका. भेटायला जरूर या.

आपला आज्ञाधारक,
मोरोपंत

ता. क. वहिनींनी तरीही हट्टच धरला तर भट्टीचे तोंड पूर्वेला नको, अकोल्याला सकाळचा वारा त्या बाजूने येतो. लाकडे पूर्ण जळून निखारे बाजूला ओढल्यावर मूठभर पीठ आत टाकून पाहावे. ते लगेच काळे पडले तर थांबावे, बदामी झाले तर लगेच पाव सारावा. कणीक मळून झाली असे वाटल्यावर आणखी तितकाच वेळ मळावी. वरून दुधाचा हात फिरवला तर जो रंग येतो तो सोनाराला येणार नाही. पत्र्याचे साचे तुमच्याकडे बरे मिळत असतील तर चार घेऊन ठेवा. दोन मला चालतील.

आणखी ता. क. मुख्य लिहायचे राहिले. काल चारुशीलेने ज्वारीची अर्धी भाकरी ठेच्याशी खाल्ली आणि ती पचली. त्यामुळे औषध संपले असे तिने जाहीर केले आहे, आणि येत्या सोमवारी भट्टी मोडून त्या जागी आळूची लागवड करायची आहे. मी हो म्हणालो. परंतु बापूसाहेब, काल संध्याकाळी मी तिला न सांगता एक आख्खी डबलरोटी साजूक तुपाशी एकट्याने खाल्ली, आणि मी तर आजारीही नाही. तुमच्या शब्दाला ती मान देते. तेव्हा कृपा करून तिला सोमवारच्या आत एक कार्ड टाका, की अकोल्याच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या मते मुदतीच्या तापानंतर डबलरोटी निदान वर्षभर घ्यावी, आणि घरातल्या दुसऱ्या माणसानेही सोबत घ्यावी. तुम्ही वकील आहात, तुम्हाला हे जड जाऊ नये. मजकूर मीच करून पाठवला असता, पण माझी भाषा ती एका ओळीत ओळखते.